मागच्या डाव्या चाकाची तक्रार

कानात यंत्र बसवलं तो मंगळवार, आणि गाडी बिघडली तोही मंगळवार. साहेबांना यात योगायोगापलीकडे काही दिसलं नाही.

साहेब पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागातून निवृत्त झाले होते. लोकांनी नळाबद्दल लिहावं आणि साहेबांनी ते वाचावं, असं एकतीस वर्षं चाललं. समोर त्यांना सगळे साहेब म्हणत आणि पाठीमागे 'निकाली'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण ते कमावलेलं होतं. विभागातला एक नियम साहेबांनीच सुचवलेला होता. तक्रार आली की नोंद करायची, लेखी उत्तर द्यायचं, आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा आली नाही तर ती निकाली निघाली असं समजून कागद कपाटात टाकायचा. या नियमामुळे टेबलावरचे ढीग सहा महिन्यांत सपाट झाले. वरून शाबासकीचं पत्र आलं. ते अजून चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत टांगलेलं आहे, आणि पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी दाखवलं जातं.

त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली बाई म्हणे, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख तिनेच करून दिली होती. साहेबही तिला चारचौघांत बाईच म्हणत.

दोघांची एकुलती एक मुलगी दोन तासांवरच्या गावी राहायची. दर दुसऱ्या शनिवारी दोघं तिच्याकडे जात. 'दोघं जात' हे म्हणायला ठीक आहे. प्रत्यक्षात साहेब नऊ वाजता गाडीने निघत, आणि बाई साडेनऊच्या बसने. बाईंची पिशवी, नातीसाठी घेतलेली खेळणी, मुलीने मागवलेलं सटरफटर असं सगळं सामान गाडीतून जाई. बाई मात्र बसमधून. दीड वर्ष हे असंच चाललं होतं. जावयाला सुरुवातीला वाटलं, सासू-सासऱ्यांचं काहीतरी बिनसलंय. त्याने आडून आडून विचारून पाहिलं तेव्हा साहेब म्हणाले, "छे, छे. तिला बस आवडते." जावई गप्प बसला. लग्नाला सात वर्षं झालेला माणूस होता, कुठे गप्प बसावं हे त्याला कळू लागलं होतं.

तर, मंगळवार. मुलीच्या हट्टापायी साहेबांनी दोन्ही कानांत यंत्रं बसवून घेतली. दवाखान्याच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि जग त्यांच्या अंगावर धावून आलं. चपला फटफटत होत्या. खिशातल्या किल्ल्या खुळखुळत होत्या. शेजारून जाणारा एक माणूस सफरचंद खात होता, ते त्याने आपल्या कानात बसून खावं तसं साहेबांना वाटलं. आपण इतकी वर्षं एका शांत, सभ्य शहरात राहत होतो आणि ते कोणीतरी सकाळी बदलून टाकलं, अशा नाराजीने ते गाडीत बसले.

वस्तीतल्या रस्त्यांवर गाडी मुकाट होती. बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने तोंड उघडलं. घूं, घूं, घूं, घूं. एखादा जाडा माणूस मागच्या सीटवर झोपला असावा आणि दर श्वासाला घोरत असावा, असा तो आवाज. वेग वाढवला की घोरणं वाढे, कमी केला की मंदावे.

साहेब पद्धतशीर माणूस. त्यांनी गाडी कडेला घेतली, यंत्रं काढून खिशात ठेवली आणि पुन्हा चालवून पाहिली. आवाज नाही. परत घातली. आवाज आला. असं तीनदा केलं. निष्कर्ष उघड होता: यंत्रात दोष आहे. ते तडक माघारी वळून दवाखान्यात गेले.

कानांची डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्याच वयाची होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, यंत्र आवाज बनवत नाही हो. असलेला आणून देतं."

"मग काल हा आवाज का नव्हता?"

"काल यंत्र नव्हतं."

साहेबांना हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं. त्यांनी स्वतः अशी उत्तरं हजारोंनी लिहिली होती, त्यामुळे वास लगेच आला. यंत्र ठीक असेल तर मग गाडी बिघडली, आणि आजच बिघडली, असा निकाल देऊन ते घरी आले. बाईंना काही बोलले नाहीत. शनिवारी जायचं होतं, त्याआधी दुरुस्ती उरकून टाकू, उगाच तिला कशाला सांगा, असा विचार त्यांनी केला.

बुधवारी ते टायरवाल्याकडे गेले. दुकान म्हणजे एक शेड, बाहेर टायरांची उतरंड, आत हवेचा पंप, आणि लाकडी स्टुलावर बसलेला टायरवाला. गडी पन्नाशीचा. रुंद हात, बारीक डोळे, बोलणं सावकाश.

"घूं घूं आवाज येतो," साहेब म्हणाले. "बहुतेक टायरचा. कालपासून."

टायरवाला उठला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला. टायरच्या नक्षीवरून त्याने तळवा पुढे फिरवला, मग उलटा मागे आणला. मांजराला कुरवाळावं तसं. मग म्हणाला, "या, हात लावा."

साहेबांनी हात लावला. एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत. उलटा आणला तर बोटांना दात लागले, करवतीवरून हात फिरवल्यासारखे.

"हे दात रस्त्यावर आपटतात, त्याचं ते घूं घूं," टायरवाला म्हणाला. "चाक तिरकं चाललं की असं झिजतं. हे कालचं नाही, साहेब. दीड-दोन वर्षांचं आहे. चाक कुठे आपटलं होतं का?"

साहेबांना आठवलं. मुलीच्या घरासमोर गाडी मागे घेताना हे चाक फुटपाथच्या कडेवर चढून खाली आदळलं होतं. ते याबद्दल कोणाशी बोलले नव्हते. तेव्हा शेजारी बाई बसल्या होत्या, म्हणजे बोलण्याची गरजही नव्हती.

"किरकोळ," ते म्हणाले.

"बरं. आता मी विचारतो ते सांगा. आवाज हळूहळू वाढत आला, की एके दिवशी एकदम सुरू झाला?"

"काल एकदम."

"काल नाही हो. गाडी वळताना कमी-जास्त होतो का?"

"तसं बघितलं नाही."

"गुळगुळीत रस्त्यावर वेगळा, खडबडीत रस्त्यावर वेगळा?"

साहेबांनी पुन्हा टायरला हात लावून पाहिला. एकतीस वर्षांत इतके प्रश्न त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारायचं काम त्यांचं होतं.

टायरवाल्याने फडक्याला हात पुसले. "हे बघा, टायर तर खराब आहे. पण टायर ओरडत असला की त्याच्या आड चाकाच्या बेअरिंगचा आवाज लपतो. बेअरिंग गेलं असेल आणि मी नुसता टायर बदलून पाठवलं, तर तुम्ही मोठ्या रस्त्यावर चाक हातात घेऊन बसाल. तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"कोणी नाही."

"बाईसाहेब?"

"ती बसने येते."

"का?"

"तिला बस आवडते."

टायरवाला परत स्टुलावर जाऊन बसला. मागे पंप फुसफुसत होता. साहेबांना तोही ऐकू आला.

"सव्वीस वर्षं रस्त्याच्या कडेला बसून आहे मी," टायरवाला म्हणाला. "गाडी असून बस आवडणारा माणूस अजून बघितला नाही. बाईसाहेबांना घेऊन या. ज्याने हा आवाज पहिल्यापासून ऐकलाय, त्यालाच विचारायला पाहिजे."

साहेब घरी आले तेव्हा बाई स्वयंपाकघरात गाजरं किसत होत्या. किसणीचा आवाज इतका खरखरीत असतो, हे साहेबांना नवीन होतं. ते दारात उभे राहिले. खुर्ची ओढून बसले. पुन्हा उठून पाणी प्यायले.

"काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. गाडीचा एक आवाज येतो."

किसणी थांबली.

"तुला कधी आला होता का?"

"कुठला, मागच्या डाव्या बाजूचा?"

साहेबांनी पेला खाली ठेवला. "कधीपासून येतो?"

"तुम्ही चाक आदळलंत त्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून. आधी बारीक होता. पुढच्या खेपेला वाढला."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्यांदा ऐकला त्याच दिवशी. मुलीकडून परत येताना. तुम्ही म्हणालात, रस्ता खराब आहे."

"मग पुन्हा सांगायचंस."

बाईंनी गाजराचं उरलेलं टोक उचललं आणि खाऊन टाकलं. शिकवताना एखाद्या पोराने चुकीचं उत्तर दिलं की त्या अशाच थोडं थांबत. पोराला स्वतःहून सुधारायला वेळ मिळावा म्हणून.

"मी पंधरा दिवस वाट बघितली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कदाचित हे स्वतःच बघतील. नाही बघितलंत. सोळाव्या दिवशी मला कळलं की माझी तक्रार निकाली निघाली. तुमच्या ऑफिसातला नियम तोच घरातला नियम, मला काय वेगळा सांगायला हवा?"

"घरात कुठे तो नियम आहे?"

"पत्र कुठे लावलंय?"

साहेबांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं नाही. भिंतीवर काय आहे ते त्यांना पाठ होतं.

"म्हणून तू बसने…"

"पुन्हा सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा तेच म्हणाला असतात. मग मी तिथे बसून घाबरणार, आणि वर चिडणारही. दोन तास दोन्ही करायचं म्हणजे माणूस दमतो. बसमध्ये नुसती गर्दी असते." बाईंनी किसणी पुन्हा हातात घेतली. "आता काय झालं?"

"टायरवाल्याने तुला बोलावलंय."

"मला?"

"त्याला काही विचारायचंय. मला उत्तरं येत नाहीत."

साहेबांच्या तोंडून हे वाक्य बाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी काही दाखवलं नाही. "उद्या अकरानंतर येते," एवढंच म्हणाल्या.

दुपारी साहेब आडवे झाले, पण डोळा लागेना. त्यांना एक पत्र आठवत होतं. कोण्या एका बाईचं, रेघांच्या वहीच्या कागदावर, सुरेख अक्षरात. आमच्या नळाला सकाळी पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, कृपया बघावं. साहेबांनी उत्तर पाठवलं होतं: नोंद घेतली आहे, तूर्त पहिली दहा मिनिटं पाणी सोडून द्यावं. पत्र पुन्हा आलं नाही. साहेबांनी तेव्हा समाधानाने कागद कपाटात टाकला होता, पाणी स्वच्छ झालं म्हणून. एकतीस वर्षांत अशी किती पत्रं एकदाच आली, याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता, कारण नियमाप्रमाणे तो ठेवायचाच नव्हता. पाणी सुधारलेले त्यात किती, आणि बादली घेऊन शेजारी जायला लागलेले किती? आणि शेजारी तरी काय, एकदा विचारलं की दुसऱ्यांदा विचारायला जड जातंच. साहेब कुशीवर वळले. उशीवर कान टेकला की यंत्र शिट्टी मारतं, हेही त्यांना त्या दुपारी समजलं.

गुरुवारी अकराला दोघं दुकानात पोचले. साहेब गाडीने, बाई पायी. अंतर फार नव्हतं, पण बाई गाडीत बसल्या नाहीत आणि साहेबांनी आग्रह केला नाही. टायरवाल्याने दोघांना वेगवेगळं येताना पाहिलं आणि बाईंसाठी आपलं स्टूल पुढे केलं.

"बसायला आले नाही मी," बाई म्हणाल्या. "काय विचारायचंय ते विचारा."

त्याने तेच प्रश्न विचारले. बाईंनी एखादी कविता म्हणून दाखवावी तशी उत्तरं दिली. चाळिसाला सुरू होतो. साठाला सगळ्यात मोठा. ऐंशीच्या पुढे बाकीच्या आवाजांत बुडतो. नवीन डांबरावर जास्त जाणवतो, खडीच्या रस्त्यावर कळत नाही. हळूहळू वाढत आला, एकदम कधीच नाही.

"पण हे दीड वर्षापूर्वीचं," बाई म्हणाल्या. "नंतरचं मला माहीत नाही."

"मग आता ऐका," टायरवाला म्हणाला. "मी चालवतो. तुम्ही मागे, मधोमध बसा. साहेब तुमच्या शेजारी, उजव्या खिडकीशी. तुम्ही बोलायचं नाही, साहेब."

बाई मागे बसल्या. दीड वर्षाने बसल्या. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि दोन्ही हात सीटवर टेकवले.

मोठ्या रस्त्याला गाडी साठाला आली आणि घोरणं सुरू झालं. साहेबांना ते चारही बाजूंनी आल्यासारखं वाटत होतं. यंत्राला दिशा कळत नाही.

"मागे डावीकडे," बाई म्हणाल्या. "पहिल्यापेक्षा पुष्कळ वाढलाय."

"आता हलकेच उजवीकडे घेतो. फरक?"

"नाही."

"डावीकडे?"

"नाही. तोच."

"बेअरिंग असतं तर वजन पडलेल्या बाजूला वाढला असता," टायरवाला म्हणाला. "बहुतेक नुसता टायरच आहे."

साहेब काही म्हणणार होते. बाईंनी डोळे न उघडता त्यांच्या खांद्यावर बोट टेकवलं. 

दुकानात परतल्यावर टायरवाल्याने गाडी जॅकवर चढवली, चाक हाताने गरगर फिरवलं, आणि आतल्या स्प्रिंगवर हात ठेवून बेअरिंगची थरथर येते का ते बघितलं. सुरळीत. मग नट काढून चाक ओढून बाहेर घेतलं, उलटं केलं, आणि तसंच धरून उभा राहिला.

टायरची बाहेरची बाजू चांगली होती, काळी, नक्षीदार. आतली बाजू, जी चाक लावलेलं असताना वाकूनसुद्धा दिसत नाही, ती सोलल्यासारखी झाली होती. रबर संपून आतल्या बारीक तारा उघड्या पडल्या होत्या. एका जागी तार तुटून वर आली होती.

टायरवाला स्टुलावर बसला. "यावर मी आत्ता साठने गेलो," तो म्हणाला. "आधी चाक काढून बघायला हवं होतं. माझं चुकलं." त्याने तारेजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. "हा टायर या शनिवारी फुटला नसता तर पुढच्याला फुटला असता. तुम्ही एकटेच जाता ना?"

"एकटाच," साहेब म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला. मग ते बाईंकडे वळले. "तू मागे राहिलीस ते बरं केलंस."

"मी काही घाबरून मागे राहिले नाही," बाई म्हणाल्या.

"कालच तर म्हणालीस."

"काल निम्मं सांगितलं. मी साडेनऊचीच बस का घेते? आठलाही आहे, सव्वाआठलाही आहे. त्या दोन्ही रिकाम्या असतात."

साहेबांना माहीत नव्हतं. बाईंना घरातून निघायला उशीर होतो, असं त्यांनी मुलीला, जावयाला आणि स्वतःला सांगून ठेवलं होतं. त्यावर एक-दोन विनोदही केले होते.

"तुम्ही नऊला निघता," बाई म्हणाल्या. त्या टायरकडे बघत होत्या. "मी अर्ध्या तासाने त्याच रस्त्याने. डावीकडच्या खिडकीशी बसते. गाडी कुठे कडेला थांबलेली असेल, तर दिसेल. दोघंही एकाच गाडीत असलो आणि काही झालं, तर मुलीला कळवणार कोण?"

टायरवाला उठला आणि काही काम नसताना शेडच्या मागे गेला.

साहेबांनी मनात हिशोब केला. एकोणचाळीस शनिवार असतील, फार तर एखादा कमी. प्रत्येक शनिवारी त्यांनी मोकळ्या रस्त्यावर, छान शांततेत, गुणगुणत गाडी चालवली होती. आणि प्रत्येक शनिवारी त्यांच्या मागून एक बस येत होती, तिच्या एका खिडकीत एक माणूस दोन तास रस्त्याची कडा बघत बसलेलं होतं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. नोंद घेतली आहे, यापलीकडचे शब्द त्यांना पटकन सुचेनात.

"मान अवघडत असेल," ते शेवटी म्हणाले.

"अवघडायची," बाई म्हणाल्या. "परत येतानाही तीच बाजू. मग रविवारी शेकायची."

त्या संध्याकाळपर्यंत मागचे दोन्ही टायर नवे बसले, चाकं सरळ रेषेत आली, आणि पुढच्या टायरांवरही टायरवाल्याने दोन्ही बाजूंनी तळवा फिरवून घेतला. जाताना त्याने साहेबांना दोन गोष्टी सांगितल्या. दर काही महिन्यांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्यायचे, म्हणजे झीज सारखी होते. आणि महिन्यातून एकदा हात फिरवायचा, उलटासुलटा. "कानांचा भरवसा धरू नका," तो म्हणाला. "यंत्रवाल्यांचाही नाही, आमच्यासारख्यांचाही नाही."

शुक्रवारी साहेबांनी एकट्याने गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन आणली. कुठे घोरणं नाही. वाऱ्याचा आवाज, इंजिनाची बारीक कुरकुर, बस्स. घरी येऊन त्यांनी बाईंना सांगितलं, "आता काही वाजत नाही."

"असं तुम्ही दीड वर्ष म्हणताय."

  रात्री जेवणानंतर ताट उचलताना साहेब म्हणाले, "उद्या येशील का गाडीतून? मी म्हणतो म्हणून नको. तुला वाटलं तर."

बाईंनी विचार केला. "फाट्यापर्यंत येते," त्या म्हणाल्या. "बस तिथे दहा-चाळीसला येते. तिथवर बघते कसं वाटतं. नाही वाटलं तर उतरेन. आणि उतरले तर तोंड पाडायचं नाही."

"नाही पाडणार."

"आणि निघायचं साडेनऊलाच. बस मागे हवी."

शनिवारी साडेनऊला निघाले. बाई मागे बसल्या, मधोमध. साहेबांनी पुढे बस म्हटलं नाही.  साहेब अधूनमधून आरशात बघत. बाईंचे डोळे मिटलेले, हात सीटवर टेकवलेले. नवं डांबर आलं तेव्हा साहेबांनी श्वास धरला. आरशातल्या कपाळावर आठी नव्हती.

फाटा म्हणजे दोन रस्ते मिळतात ती जागा: एक चहाची टपरी, एक बाक, पत्र्याची शेड. साडेदहाला साहेबांनी गाडी कडेला थांबवून इंजिन बंद केलं. बाई उतरल्या आणि पिशवी घेऊन शेडखाली जाऊन उभ्या राहिल्या. साहेब गाडीतच बसले. आता काही बोललो तर ते मनधरणीसारखं होईल, आणि मनधरणी केली तर तिचं म्हणणं कळायचंच नाही, एवढं त्यांना गुरुवारपासून समजलं होतं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या पाटीवरची अंतरं वाचत राहिले. तीन गावांची अंतरं होती. ती त्यांनी पुष्कळ वेळा वाचली.

बस आली. दार उघडलं, कंडक्टरने डोकं बाहेर काढलं.

"बाई, आज इथून? म्हटलं आजारी पडलात की काय. तुमची खिडकी कोणाला दिली नाही मी. या."

बाईंनी त्या खिडकीकडे पाहिलं. मग गाडीकडे. साहेब अजूनही पाटी वाचत होते. त्यांचे कान मात्र सगळे तिकडे होते.

"आज राहू दे," बाई म्हणाल्या. "खिडकी कोणालाही द्या."

"पुढच्या खेपेला?"

"ते पुढच्या खेपेला सांगेन."

बस घरघरत निघून गेली. धूळ बसली. गाडीचं पुढचं दार उघडलं गेलं आणि तिथेच अडलं, कारण पुढच्या सीटवर बसायला जागा नव्हती. दीड वर्षात ती सीट नव्हती राहिली, कपाट झालं होतं. छत्री, जुनी वर्तमानपत्रं, पायाने हवा भरायचा पंप, टॉवेल, एक टोपी, दोन चष्म्यांच्या पेट्या, आणि साहेबांना स्वतःलाच कधीची ते न आठवणारी एक पिशवी. साहेब घाईघाईने खाली उतरले आणि ते सगळं वाहून मागे टाकू लागले. बाई पिशवी धरून उभ्या राहिल्या. मदत केली नाही.

"ही सीट इतकी मागे कोणी नेली?" बसल्यावर त्यांनी विचारलं.

"पंप मावत नव्हता."

बाईंनी खालचा दांडा ओढून सीट दोन खाचा पुढे घेतली. पट्टा लावला. "चला," म्हणाल्या.

चार-पाच मैल झाले असतील. गाडी साठाला होती. टिक, टिक, टिक, टिक, असं काहीतरी वाजल्यासारखं साहेबांना वाटलं, पण खात्री नव्हती.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "पुढे काहीतरी वाजतंय. उजव्या बाजूला."

साहेबांनी गाडी कडेला घेतली. काय, कसलं, कुठे, काही विचारलं नाही. दोघंही उतरले आणि उजव्या पुढच्या चाकाशी वाकले. साहेबांनी टायरवर तळवा फिरवला, आधी सुलटा, मग उलटा, आणि तिसऱ्या फेरीला बोटाला लागला: नक्षीच्या खाचेत रुतलेला बोराएवढा खडा. किल्लीने उकरून त्यांनी तो काढला आणि तळहातावर धरून बाईंना दाखवला.

"एवढाच?" बाई म्हणाल्या. थोड्या ओशाळल्यासारख्या.

"होता ना," साहेब म्हणाले.

खडा टाकून, हात झटकून दोघं पुन्हा बसले. गाडी सुरू झाली. थोडं अंतर गेल्यावर साहेब समोर बघत म्हणाले, "आणखी काही आहे का?"

"गाडीचं?"

"गाडीचं. किंवा कशाचंही."

मुलीचं गाव यायला अजून पाऊण तास होता, आणि शेजारी बसलेल्या बाईकडे किती वर्षांचं साठलेलं असेल याचा साहेबांनी अंदाज घेतला नव्हता. बाईंनी पर्स मांडीवरून काढून पायाशी ठेवली. पदर नीट केला. वर्गात नवा धडा सुरू करताना करतात तसा घसा साफ केला.

"पहिलं म्हणजे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी गाडी साठावरून पन्नासावर आणली.